चार अक्षरं बदलली, म्हणजे माणूस बदलला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तेविसाव्या वर्षी, पहिल्या नोकरीच्या प्रशिक्षणात मायर्स-ब्रिग्ज ही स्वभावाचा चार अक्षरी ‘टाइप’ सांगणारी चाचणी झाली, तेव्हा तुमचा टाइप ‘आयएनएफपी’ आला. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तुम्ही कारखान्यात उत्पादन विभागाचे प्रमुख आहात. कंपनीने तीच चाचणी पुन्हा घेतली, तर निकाल ‘ईएनएफजे’ आला. प्रशिक्षकांनी सांगितलं, टाइप जन्मजात असतो, तो बदलत नाही, म्हणजे पहिल्या वेळी काहीतरी चुकलं असणार. घरी पत्नी म्हणते, “मी लग्न केलं तो माणूस तू राहिला नाहीस, हल्ली सारखा चिडतोस.” आणि शेवटी तुम्ही विचारता, “मग तेव्हाचा मी खोटा होतो की आताचा?”

मी २६ वर्षं नाशिकमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या रूपांत येतो, आणि बहुतेक वेळा चाळिशीच्या आसपास येतो. तो विचारणारा माणूस आतून हललेला असतो, म्हणून नुसतं हो किंवा नाही सांगून मला मोकळं होता येत नाही. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. चाचणीचा निकाल बदलला का? स्वभाव बदलला का? आणि पत्नीला जे दिसतंय ते काय आहे? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्या चार अक्षरांत त्याचं उत्तर नाही.

आधी चाचणीबद्दल. दहावीत ३५ गुणांना पास आणि ३४ला नापास. ३४ आणि ३६ गुण मिळवणाऱ्या दोन मुलांच्या तयारीत फारसा फरक नसतो, पण एकाच्या घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच्या घरी रडारड होते. मायर्स-ब्रिग्ज असंच काम करते. अंतर्मुखता-बहिर्मुखता ही खरं तर एक लांब पट्टी आहे. बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात असतात, टोकाला थोडीच. चाचणी त्या पट्टीच्या मध्यावर रेघ मारते आणि अलीकडच्यांना ‘आय’ (अंतर्मुख) हे अक्षर देते, पलीकडच्यांना ‘ई’ (बहिर्मुख). रेघेजवळ उभा असलेला माणूस त्या दिवशी चार प्रश्नांना वेगळं उत्तर देऊन बसला, तर अक्षर बदलतं. माणूस होता तिथेच असतो.

अशा चार पट्ट्या आहेत. समजा, प्रत्येक पट्टीवर अक्षर उलटण्याची शक्यता दहात एक एवढीच धरली. तरी चारही अक्षरं तशीच राहण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के उरते, म्हणजे शंभरातल्या ३४ जणांचा टाइप स्वभावात काहीही न घडता बदललेला दिसेल. प्रत्यक्षातलं चित्र याहून वाईट आहे. अवघ्या पाच आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिली, तरी जवळपास निम्म्या लोकांचा टाइप बदलू शकतो, ही या चाचणीवरची जुनी आणि गंभीर टीका आहे. तुम्ही तर एकवीस वर्षांनी दिलीत.

तुमच्या दोन अहवालांतली एक नोंद मला महत्त्वाची वाटते. दोन्ही वेळा पहिल्या अक्षरापुढे कल ‘किंचित’ असा लिहिला आहे. तेविसाव्या वर्षी तुम्ही किंचित अंतर्मुख होतात, आता किंचित बहिर्मुख आहात. म्हणजे तेव्हाही रेघेजवळ होतात, आजही आहात. एवढ्यावरून तेव्हाचे तुम्ही खोटे ठरत नाही, आणि आताचेही ठरत नाही.

पण तुमचं शेवटचं अक्षर बदललं त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे पहिल्यांदा ‘स्पष्ट’ पी होता आणि आता ‘स्पष्ट’ जे आहे. पी म्हणजे शेवटपर्यंत पर्याय मोकळे ठेवणारा, ऐन वेळी सुचेल तसं करणारा. जे म्हणजे आधी ठरवणारा, यादी करणारा, वेळ पाळणारा. एवढी उडी नुसत्या मोजमापाच्या चुकीने सहसा होत नाही. इथे मला खरोखरचा बदल दिसतो, आणि तो अनपेक्षितही नाही.

संशोधनात आज ज्या पाच गुणांच्या चौकटीवर जास्त भरवसा ठेवला जातो, तिच्यात बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि नवेपणाची ओढ हे पाच येतात. मॅक्रे आणि कोस्टा या दोघा संशोधकांनी १९८९मध्ये मायर्स-ब्रिग्जची अक्षरं या पाच गुणांशी ताडून पाहिली. तेव्हा जे-पीची जोडी प्रामुख्याने कर्तव्यदक्षतेशी जुळली. आता ही कर्तव्यदक्षता वयाबरोबर कशी चालते ते पाहा. २००६मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच तीच माणसं अनेक वर्षं तपासलेल्या ९२ गटांची आकडेवारी एकत्र केली. कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य वयाबरोबर वाढताना दिसलं, आणि विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांमध्ये ही वाढ विशेष ठळक होती. नोकरी, संसार, मुलांची शाळा, कर्जाचे हप्ते या सगळ्यांतून जाताना माणूस थोडा थोडा नेटका होत जातो. तुम्ही पीचे जे झालात ते याच वाटेने, असं मला वाटतं. त्याला हरवणं म्हणू नका. आपल्याकडे यालाच ‘जबाबदारी अंगावर पडली की माणूस शहाणा होतो’ असं म्हणतात.

म्हणजे ‘टाइप जन्मजात, तो बदलतच नाही’ हे तुमच्या प्रशिक्षकांचं म्हणणं मला मान्य नाही. पण ते आलं कुठून हे समजून घ्यायला हवं. १८९०मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने लिहिलं होतं की तिशी आली की बहुतेकांचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. ही कल्पना फार टिकली, कारण ती अर्धी खरी आहे. शाळेतली प्रार्थनेची रांग आठवा, उंचीप्रमाणे लावलेली. पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्या मुलांची उंची वाढते, पण रांगेत कोण पुढे आणि कोण मागे हा क्रम बराचसा तसाच राहतो. स्वभावाचंही असंच आहे. सगळेच वयाबरोबर थोडे सरकतात, पण समवयस्कांमध्ये आपली जागा बऱ्यापैकी टिकते. हा क्रम किती टिकतो हे पाहण्यासाठी २०००मध्ये १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. क्रम पूर्ण कायम राहिला तर १ आणि काहीच संबंध उरला नाही तर ०, असं धरा. बालपणी हा आकडा ०.३१ होता, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४. म्हणजे वयाबरोबर स्वभाव मुरत जातो, पण हा आकडा १ला कुठेच पोहोचत नाही.

काळ जितका लांब, तितका हा धागा विरळ होतो. अमेरिकेत १९६०मध्ये ज्या शाळकरी मुलांची चाचणी झाली होती, त्यांतल्या सुमारे १८०० जणांना पन्नास वर्षांनी पुन्हा तपासलं. जुन्या-नव्यात संबंध होता, पण माफक. स्कॉटलंडमध्ये चौदाव्या वर्षी शिक्षकांनी ज्यांचा स्वभाव नोंदवला होता, त्यांतल्या १७४ जणांना सत्त्याहत्तराव्या वर्षी गाठलं, तेव्हा जवळजवळ काहीच संबंध सापडला नाही. आता तिथे आधी शिक्षकांनी मोजलं होतं आणि नंतर स्वतः त्या माणसांनी व त्यांच्या जवळच्यांनी, म्हणून मी त्या निष्कर्षावर फार भार टाकत नाही. पण चौदाव्या वर्षीच्या मुलावरून सत्त्याहत्तरीचा म्हातारा सांगता येत नाही, एवढं नक्की.

आपल्या भाषेत दोन्ही बाजूंची साक्ष आहे. ‘स्वभावाला औषध नाही’ आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं म्हणणारे आपणच, आणि वाल्याचा वाल्मीकी झाला म्हणून सांगणारेही आपणच. समुपदेशनाच्या खोलीत मला दोन्ही खरं होताना दिसलं आहे. फक्त वाल्मीकीला लागलेला वेळ कुणी लक्षात घेत नाही. अंगावर वारूळ चढेपर्यंत तो बसला होता.

आता पहिल्या अक्षराकडे परत येते, कारण तिथे मला थोडी काळजी वाटते. अंतर्मुख माणूस बहिर्मुखासारखा वागायला शिकू शकतो, यात मला शंका नाही. शिवाय बुजरेपणा आणि अंतर्मुखता यांत आपण गल्लत करतो. बुजरेपणात भीती असते, ‘लोक काय म्हणतील’ ही. ती जाऊ शकते. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसोपचारकाचं नाव मराठी वाचकांच्या परिचयाचं झालं. ते एलिस आपलीच गोष्ट सांगत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर, बाकावर एकट्या बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलायचं ठरवलं. १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, आणि काही भयंकर घडलं नाही. भीती गेली ती अशी. पण अंतर्मुखता ही भीती नसून ओढ आहे. गर्दीत राहून ताजंतवानं वाटतं की गर्दीतून सुटल्यावर, एवढाच तिचा प्रश्न. ती घालवायची गरज नसते, आणि घालवू पाहिलं तर फारशी जातही नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर हलती खेळणी धरली, नवे आवाज ऐकवले. सुमारे २० टक्के बाळं हातपाय झाडून रडायची. पुढे वर्षानुवर्षं त्या मुलांवर लक्ष ठेवलं. त्यांतली बरीच मोठेपणी अगदी नीट, न घाबरता वागायला शिकली. पण सतत खिदळणारी, नव्या गोष्टीवर झेप घेणारी अशी फारच थोडी झाली. मला यातून एवढंच दिसतं की जन्माबरोबर आलेला पिंड पुढची वाट ठरवून टाकत नाही, पण कुठल्या टोकापर्यंत जाणं अवघड पडेल ते थोडंफार सांगतो.

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१मध्ये मानसशास्त्रीय टाइपांची कल्पना सविस्तर मांडली. मायर्स आणि ब्रिग्ज या मायलेकींनी आपली चाचणी त्याच कल्पनेवर उभारली. युंग माणसांना खोक्यांत भरायला निघाले नव्हते. त्यांचं एक निरीक्षण मला कामात फार उपयोगी पडलं आहे. बाहेरच्या दबावामुळे माणसाला मूळ कलाच्या उलट जगावं लागलं, तर त्याची किंमत शरीर आणि मन मोजतं, आणि ती बरेचदा टोकाच्या थकव्याच्या रूपात दिसते. उलट, आयुष्याच्या दुपारी, म्हणजे साधारण पस्तिशी-चाळिशीनंतर, माणूस आपल्या झाकलेल्या बाजूकडे आपणहून वळला तर युंग त्याला वाढ मानत. बाहेरून बघितलं तर दोन्ही बदल सारखेच दिसतात. एकात माणूस उजळतो, दुसऱ्यात विझतो.

एक शिक्षिका आठवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त. नोकरीत असताना सभा, पालक, ग्रामपंचायत सगळं पुढे होऊन करायच्या. निवृत्तीनंतर घरातून बाहेर पडेनात. मुलांना वाटलं आईला नैराश्य आलं, म्हणून घेऊन आले. झोप छान, जेवण छान, दुपारी पेटी वाजवायच्या, पहाटे झाडांना पाणी घालायच्या. मी विचारलं, “बाई, कंटाळा येतो का?” त्या म्हणाल्या, “तीस वर्षं मी रोज सकाळी दुसरीच बाई अंगात घेऊन घराबाहेर पडत होते. आता ती येत नाही, तर फार शांत वाटतं.” मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी केलेलं काम अस्सल होतं, मुलांवरची माया अस्सल होती. बहिर्मुखपणा मात्र कामासाठी घातलेला कोट होता. त्या दिवशी मुलांना आईच्या उपचारांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आईला मोकळं सोडा, एवढंच सांगितलं.

तुमचा बहिर्मुखपणा यांतला कुठला, हे मला इथून सांगता येणार नाही. ते तुमच्या थकव्यावरून कळेल. तुम्ही लिहिलंय की पूर्वी रविवारी पुस्तक घेऊन एकटेच ब्रह्मगिरीवर जायचात आणि आता नऊ वर्षांत गेला नाहीत. दिवसभर शॉप फ्लोअरवर, मीटिंगमध्ये, फोनवर असता आणि घरी आल्यावर कुणी हाक मारली तरी डोक्यात सणक जाते. तीन-चार आठवडे रोज रात्री दोन ओळी लिहा. आज कशानंतर हलकं वाटलं? कशानंतर कुणाशीच बोलू नये असं वाटलं? चाचणीच्या प्रश्नांना उत्तर देताना आपण ‘ऑफिसातला मी’ डोळ्यांसमोर आणतो, आणि कंपनीने घेतलेल्या चाचणीत तर हमखासच. वहीत हे होत नाही. सुटीच्या दिवशी, कुणाची अपेक्षा नसताना तुम्ही काय करता, हे मी कुठल्याही अक्षरापेक्षा जास्त मानते.

आणि आता पत्नीचं म्हणणं. वर सांगितलेल्या पाच गुणांतला भावनिक स्थैर्य हा गुण मायर्स-ब्रिग्जच्या चार पट्ट्यांत मोजलाच जात नाही. चिडचिड, काळजी, अस्वस्थता या चाचणीत कुठेच दिसत नाही. पत्नी तुम्हाला ‘तू बहिर्मुख झालास’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘तू चिडतोस.’ टाइप बदलला की नाही या चर्चेत वर्षभर घालवलंत, तरी तिच्या वाक्याला त्यातून उत्तर मिळणार नाही. शिवाय वर सांगितलं तसं, या वयापर्यंत माणसं सरासरीने शांत होत जातात. तुम्ही उलट दिशेला गेलात, तर मी त्याला स्वभाव म्हणून सोडून देणार नाही. काहीतरी कारण असेल म्हणून शोधेन.

कारणं बरीच असू शकतात आणि ती परिस्थितीवर अवलंबून आहेत. झोप कमी पडणं हे मला सगळ्यांत जास्त वेळा सापडतं, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांत तर फारच. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि सकाळी उठल्यावरही थकवा असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. थायरॉइड, साखर, रक्तदाब तपासून घ्या. पुरुषांमधलं नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी चिडण्यातून बाहेर येतं, आणि घरातले त्याला ‘स्वभाव’ म्हणत राहतात. दारूचं प्रमाण वाढलं असेल तर तेही लपवू नका.

एक गोष्ट तुम्हाला लागू होते असं मला वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी लागू होईल म्हणून सांगते. स्वभाव खराखुरा बदलतो तेव्हा वर्षं लागतात. काही महिन्यांत माणूस ओळखू येईनासा झाला, तर तो टाइपचा प्रश्न राहत नाही. एक अतिशय सभ्य गृहस्थ चौपन्नाव्या वर्षी पंगतीत शेजाऱ्याच्या ताटातलं उचलून खायला लागले, परक्यांना वाटेल ते बोलायला लागले, गोड खाण्याचा हव्यास वाढला, आणि बायको आजारी पडली तरी त्यांना काही वाटेना. घरच्यांनी दीड वर्ष ‘वयाने स्वभाव बिघडला’ म्हणून काढलं. मी त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, निदान झालं फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं, म्हणजे वागणूक बिघडवणाऱ्या मेंदूच्या एका आजाराचं. हा आजार बरेचदा ४५ ते ६५ या वयातच सुरू होतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती चांगली असू शकते, म्हणून कुणाला संशय येत नाही. अचानक आलेला अतिउत्साह, न झोपता कामं काढणं, पैसे उधळणं हेही तसंच, मनोविकारतज्ज्ञांना दाखवायचं.

चिडचिडीमागे शारीरिक कारण निघालं नाही, तरी हातपाय गाळू नका. २०१७मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी उपचारांचे २०७ अभ्यास एकत्र पाहिले. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांत सगळ्यांत जास्त सुधारला तो गुण भावनिक स्थैर्य, आणि त्यामागोमाग बहिर्मुखता. सगळे गुण सारखेच हट्टी नसतात, आणि तुमच्या घराला सध्या ज्याची गरज आहे तोच गुण त्यातल्या त्यात लवकर हलतो. माझ्या अनुभवातही चिडचिडीवर काम करणारा माणूस सहा महिन्यांत घरच्यांना वेगळा वाटायला लागतो. अंतर्मुखतेवर ‘काम’ करायला आलेला मात्र बहुधा स्वतःवर रागावून परत जातो, म्हणून मी ते काम घेतच नाही.

एवढं सगळं वाचून तुम्हाला आज काय करायचं, तर दोन्ही अहवाल कपाटात ठेवून द्या. पत्नीशी बोलताना ‘मी बदललोय का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर भांडणात जाईल. ‘मी चिडतो असं तुला पहिल्यांदा कधी जाणवलं?’ असं विचारा, आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. बायकांना साल आठवतं, पुष्कळदा सणही आठवतो. ते एका कागदावर लिहा. त्याच्या शेजारी बढती कधी मिळाली, रात्रपाळी कधी सुरू झाली, वडील कधी गेले, ब्रह्मगिरीवर जाणं कधी थांबलं, हे लिहा. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जाल तेव्हा तो कागद घेऊन जा, आणि पत्नीची तयारी असेल तर तिलाही बरोबर न्या.